सुखात्मे यांचे भुकेचे गणित

जगात उपाशी माणसे किती, हा प्रश्न वर्षातून एकदा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो आणि आठवड्याभरात विरून जातो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आपला अहवाल प्रसिद्ध करते, त्यातील आकडे घेऊन पुढे जागतिक भूक निर्देशांक तयार होतो. २०२१ साली भारताचा क्रमांक ११६ देशांत १०१ वा लागला, २०२२ साली १२१ देशांत १०७ वा आणि २०२३ साली १२५ देशांत १११ वा. टीकाकारांनी सरकारला धारेवर धरले आणि सरकारने निर्देशांकाच्या पद्धतीला. वादात दोन्ही बाजूंनी बरीच शाई खर्ची पडली. पण ज्या पद्धतीवरून एवढे भांडण, ती मुळात कोणाची, याची चौकशी करावी असे कोणाला वाटले नाही. या निर्देशांकाचा एक तृतीयांश भाग अल्पपोषितांच्या प्रमाणावर उभा आहे, आणि ते प्रमाण काढण्याची रीत एका सातारकराने घालून दिलेली आहे. खटाव तालुक्यातील बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी ती १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडली. आयुष्याचे अखेरचे पाव शतक या गृहस्थांनी पुण्यात काढले आणि २८ जानेवारी १९९७ रोजी याच शहरात त्यांचा अंत झाला. पुण्याने त्यांची आठवण फारशी ठेवलेली नाही. वक्ते आणि नाटककार यांच्या गर्दीत आकडेवाल्यांना जागा कमीच मिळते, त्याला कोण काय करणार!

गणिताने जीवसृष्टीकडे पाहावे आणि त्यातून नियम हुडकावेत, या विद्येला आज गणिती जीवशास्त्र असे नाव आहे, तिच्या पदव्या आहेत, तिची स्वतंत्र नियतकालिके आहेत. सुखात्मे ज्या काळात घडले त्या काळात असे काही नव्हते. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली ते गणित हा मुख्य विषय घेऊन पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे त्या वेळी रोनाल्ड फिशर, जेर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन ही संख्याशास्त्रातील मोठी माणसे होती. फिशर हे एकाच वेळी संख्याशास्त्रज्ञ आणि आनुवंशशास्त्रज्ञ. नेमन यांनी नमुना पाहणीचे शास्त्र १९३४ साली नव्या पायावर उभे केलेले. या वातावरणात सुखात्मे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली आणि १९३९ साली डी. एस्सी. ही पदवीही संपादन केली. कलकत्त्याच्या आरोग्यविषयक संस्थेत थोडा काळ काढून ते १९४० साली दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले आणि तेथे त्यांचे गणित प्रथमच मातीला टेकले.

त्या मातीची स्थिती काय होती? आपल्याकडे पीक किती आले हे ठरवण्याची जुनी रीत म्हणजे आणेवारी. शेताच्या बांधावर उभे राहून नजरेने अंदाज करायचा आणि पीक आठ आणे की बारा आणे ते लिहून टाकायचे. साऱ्याच्या सूट-तहकुबीशी संबंध असल्यामुळे या आकड्यात पिकापेक्षा माणसांचा स्वभाव आणि हितसंबंध अधिक उतरत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर देशात धान्य किती आहे हे समजणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी त्यावर पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली: गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातील शेते तशीच निवडायची, शेतात ठराविक मापाचा तुकडा आखून तेथले पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. आज महाराष्ट्रातील शेतकऱ्याला पीक विम्याची भरपाई मिळायची की नाही हे ज्या पीक कापणी प्रयोगांवर ठरत आले आहे, त्यांचे मूळ येथे आहे.

तुकडा केवढा असावा, यावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मोठा वाद झाला. महालनोबिस म्हणत, लहान तुकडे पुष्कळ घ्यावेत, खर्च कमी आणि अचूकता अधिक. कागदावर हे बरोबर होते. सुखात्मे यांनी १९४६ साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न पद्धतशीरपणे फुगते. कारण अगदी साधे आहे. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी. आणि कडेवरचे रोप आतले की बाहेरचे, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. एकेका रोपाची ही चूक शेकडो तुकड्यांत एकाच दिशेने साठत जाते. पुस्तकातल्या गणिताला माणसाच्या हाताचा हा कल दिसत नाही. शेतात उभे राहून मोजणाऱ्यालाच तो दिसतो. आमच्या मते सुखात्मे यांच्या साऱ्या कर्तृत्वाची किल्ली या छोट्या प्रकरणात आहे, आणि पुढे त्यांच्यावर जी टीका झाली तिचीही.

१९५२ साली ते रोमला अन्न व शेती संघटनेत गेले आणि १९७० पर्यंत तिच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिले. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी १९५० साली असे विधान केले होते की जगातील निदान दोन तृतीयांश लोकसंख्या जन्मभर अर्धपोटी किंवा कुपोषित राहते. हे वाक्य जगभर गाजले. ते ज्या हेतूने केले तो हेतू चांगलाच होता. पण आकडा कसा काढला होता? मोठमोठ्या प्रदेशांत दरडोई किती अन्न उपलब्ध आहे ते पाहायचे, माणसाची सरासरी गरज किती ते पाहायचे आणि पहिले दुसऱ्यापेक्षा कमी भरले की तेथील सारी प्रजा उपाशी धरायची, असा तो हिशेब होता.

सुखात्मे यांचा आक्षेप वर्गात फळ्यावर समजावून सांगण्यासारखा आहे, आणि आम्ही दरवर्षी तो सांगतो. माणसांच्या गरजा वेगवेगळ्या असतात: कोणाचे शरीर मोठे, कोणाचे काम अंगमेहनतीचे, कोणी म्हातारे, कोणी पोर. समजा, एखाद्या गावात प्रत्येक माणूस अगदी आपल्या गरजेइतकेच जेवतो, ना घास कमी ना घास अधिक. आता त्या गावाच्या सरासरी गरजेची एक रेषा मारा. जवळजवळ निम्मे लोक तिच्या खाली सापडतील! गावात उपाशी कोणीच नाही, आणि आकडा सांगतो की निम्मे उपाशी आहेत. म्हणून एका सरासरीशी दुसरी सरासरी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आहाराची विभागणी कशी आहे आणि गरजेची विभागणी कशी आहे, या दोहोंचा एकत्र विचार करून, ज्याचा आहार कोणत्याही निरोगी माणसाच्या संभाव्य गरजेच्या खालच्या मर्यादेहूनही कमी आहे, त्यालाच खात्रीने उपाशी म्हणता येईल. या रीतीने १९६१ साली त्यांनी काढलेले उत्तर असे होते की जगातील १० ते १५ टक्के लोकांना पोटभर मिळत नाही, आणि भूक व निकस आहार हे दोन्ही जमेस धरले तर पीडितांचा आकडा निम्म्यापर्यंत जातो. जगाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३०० कोटी होती. म्हणजे शुद्ध उपासमार सोसणारेच ३० ते ४५ कोटी. आकडा खाली आला म्हणून प्रश्न लहान झाला असे मुळीच नाही. पण दोन तृतीयांश या शब्दाने जी हतबुद्धता येते ती गेली आणि अमुक इतक्या माणसांपर्यंत अन्न पोचवायचे आहे असा हिशेब हाती आला.

याच शिस्तीने त्यांनी प्रथिनांच्या प्रश्नाकडे पाहिले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-टंचाईचा इशारा देणारा अहवाल काढला होता. माशांचे पीठ, शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ, दूधभुकटी अशा नाना वस्तू गरीब देशांच्या गळी उतरवण्याची तेव्हा धावपळ चालली होती आणि त्यात व्यापाराचा भागही नव्हता असे नाही. सुखात्मे यांनी भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे तपासून सांगितले की ज्वारी-बाजरी, गहू, तांदूळ आणि डाळ यांवर जगणाऱ्या माणसाला पोटभर जेवण मिळाले तर मोठ्या माणसाला लागणारी प्रथिने त्यातूनच बहुधा मिळतात. प्रथिने कमी पडतात ती मुख्यतः अन्नच कमी पडते म्हणून. चुलीला सरपण नसले की माणूस घराचे वासे काढून जाळतो, तसे उष्मांक अपुरे असले की शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. अशा माणसाला वरून प्रथिनांची पूड देणे म्हणजे जाळायला आणखी किमती लाकूड पुरवणे होय. त्याला हवी आहे ती आणखी एक भाकरी. तेव्हा हे बोलणे अनेक तज्ज्ञांना रुचले नाही. परंतु १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी या सगळ्या प्रकरणाला प्रथिनांचा महान फज्जा असेच नाव दिले.

येथे थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे. रोमहून परतल्यावर सुखात्मे यांनी पुण्यात ज्या संस्थेत काम केले ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी उभी केलेली ही संस्था १९४६ ची. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. याच विज्ञानवर्धिनीशी १९६४ पासून दामोदर धर्मानंद कोसंबी हेही संलग्न होते. २९ जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले, त्यामुळे दोघे तेथे एका वेळी कधीच नव्हते. कोसंबी म्हटले की आपल्याला प्राचीन भारताचा इतिहास आठवतो. पण जगभरच्या आनुवंशशास्त्रज्ञांना हे नाव ठाऊक आहे ते १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या अवघ्या चार पानांच्या एका निबंधामुळे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी तो लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुके किती अंतरावर आहेत हे पुढच्या पिढीत त्यांची फारकत किती वेळा होते यावरून काढतात. हॉल्डेन यांनी १९१९ साली यासाठी जे सूत्र दिले त्यात गृहीत असे होते की गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल ठिकठिकाणी एकमेकींशी संबंध न ठेवता होते. प्रत्यक्षात एका जागी अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी होण्याचा संभव कमी होतो. हा शेजारधर्म कोसंबींनी सूत्रात आणला. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणाऱ्या संगणकीय साधनांत आजही हॉल्डेन की कोसंबी असा पर्याय विचारला जातो.

ही हकीकत सांगण्याचे कारण केवळ स्थानिक अभिमान नव्हे. घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरले की गणित सोपे होते. सजीवांत मात्र तसे क्वचितच असते. कोसंबींना गुणसूत्रावर जे आढळले, तेच सुखात्मे यांना माणसाच्या रोजच्या जेवणात आढळले, आणि त्यातून महाराष्ट्राच्या अर्थशास्त्रातील एक मोठा वाद पेटला.

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा 'भारतातील दारिद्र्य' हा प्रबंध प्रसिद्ध झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे दांडेकर हे तेव्हा संचालक. दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर लोक घेतात ती पातळी त्यांनी दारिद्र्याची सीमा मानली आणि १९६०-६१ साली खेड्यांतील ४० टक्के व शहरांतील ५० टक्के लोक त्या सीमेखाली आहेत असे दाखवले. या दोन आकड्यांनी एका पिढीचे अर्थशास्त्र घडवले. आमच्या पिढीने ते पाठ केले.

विज्ञानवर्धिनी आणि गोखले संस्था यांच्यात पायी काही मिनिटांचे अंतर आहे. १९७८ पासून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आणि आहारशास्त्राच्या अमेरिकन नियतकालिकात सुखात्मे यांनी जे लिहिले त्यामुळे मात्र हे अंतर फार वाढले. शेल्डन मार्गेन या अमेरिकन संशोधकाबरोबर मांडलेला त्यांचा विचार थोडक्यात असा. एकाच निरोगी माणसाचा आहार आणि त्याची मेहनत रोज मोजली, तर आहार रोज कमीअधिक होतो हे दिसतेच. पण हे चढउतार जर सुटे, स्वतंत्र असते तर आठवड्याची सरासरी काढल्यावर ते जवळपास जिरून गेले पाहिजेत. तसे होत नाही. ब्रिटिश सैनिकांवर केलेल्या मोजणीत आठवड्याच्या सरासरीतही बराच चढउतार शिल्लक राहतो असे त्यांना आढळले. याचा अर्थ आजच्या जमाखर्चावर कालच्या जमाखर्चाची छाया असते. कालच्या शिलकीचा काही ठराविक अंश आज उरतो आणि त्यावर योगायोगाचा नवा धक्का बसतो, अशा स्वरूपाचे समीकरण त्याला लागू पडते. यावरून सुखात्मे म्हणाले की माणसाची गरज हा एक स्थिर आकडा नव्हे, तो एक पट्टा आहे. थंडी-उन्हाळ्यात शरीर जसे आपले तापमान सांभाळते, तसे त्या पट्ट्याच्या आत ते अन्नाचा उपयोग कमीअधिक काटकसरीने करून तोल सांभाळते. पट्ट्याच्या खालच्या काठापर्यंत, म्हणजे सरासरीच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत, आहार उतरला तरी माणूस उपाशी म्हणता येत नाही. ही रेषा लावताच दांडेकर-रथ यांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. लेखणीच्या एका फटकाऱ्याने कोट्यवधी गरीब पुसून टाकले, असा आरोप सुखात्मे यांच्यावर झाला. दांडेकर स्वतः संख्याशास्त्राच्या मुशीतून आलेले. त्यांनी १९८१-८२ मध्ये कडक उत्तर दिले. आहार बदलतो म्हणून गरजही बदलते हे सिद्ध झाले कोठे, हा त्यांच्या उत्तराचा गाभा होता. वादातील भाषा पुष्कळदा तापली. पण दोघांनीही आपली समीकरणे आणि आकडे वाचकांपुढे उघडे मांडले होते, ज्याला तपासायचे त्याने तपासावे. हल्ली निर्देशांकावरून चालणाऱ्या हमरीतुमरीत हे सुख मिळत नाही.

आमचे मत विचाराल तर सुखात्मे यांचे पहिले गणित पक्के होते आणि दुसऱ्यात एक पायरी निसटली. जो सैनिक आज कमी आणि उद्या जास्त खातो, त्याच्या कमी दिवसाला जास्त दिवसाचा आधार असतो. त्याची सरासरी मध्यावर असते आणि शरीर त्या मध्याभोवती हेलकावे घेते. जो शेतमजूर बाराही महिने खालच्या काठावर जेवतो, त्याची सरासरीच तो काठ आहे. त्याला आधार देणारा भरपेट दिवस येतच नाही. पहिल्याची मोजणी करून दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही. लहान तुकड्यावर कापणाऱ्याचा हात कोठे झुकतो हे ज्यांनी शेतात जाऊन पाहिले, त्यांनी येथे परक्या देशातील मूठभर सैनिकांच्या मोजणीवर एवढी इमारत उभारावी याचे आश्चर्य वाटते.

काठावरच्या जगण्याला किंमत पडते. आमच्या विश्रांतवाडीच्या चौकात सकाळी आठच्या सुमारास आळंदी रस्त्याच्या कडेला मजूर उभे असतात. धानोरी आणि कळसच्या बाजूला इमारती उठत आहेत, त्यांवर रोजंदारी मिळावी म्हणून. ठेकेदाराचा माणूस येतो आणि बोटाने निवड करतो. तो कोणाला आधी उचलतो हे कोणीही पाहावे: खांद्याने रुंद, उंच असेल त्याला. किरकोळ अंगाची माणसे नऊपर्यंत थांबतात आणि मग पडेल त्या मजुरीला जातात, किंवा डबा तसाच घेऊन घरी परततात. त्यांचे शरीर अन्नाशी जुळवून घेते हे खरे असेलही. बाजार त्या जुळवून घेण्याचे पैसे कापून घेतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी त्या सुमारास 'लहान पण निरोगी' असा शब्दप्रयोग रूढ केला आणि आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर तुटून पडून विचारले की लहान असणे गरिबांनाच काय म्हणून चांगले? सेक्लर यांचा निष्कर्ष सुखात्मे यांच्या माथी मारणे योग्य नाही, परंतु त्यांच्या सूत्राने तो दरवाजा उघडला हे मान्य केले पाहिजे.

या प्रश्नाचे पुढचे उत्तर पुण्यातूनच आले हा योगायोग म्हणावा काय? डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या के. ई. एम. रुग्णालयातील सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. या मुलांचे जन्मतःचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या मुलांचे सुमारे ३.५ किलो. पण ही आपली मुले सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव फार लहान, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. असे बारीक दिसणारे आणि आतून मेदयुक्त शरीर पुढे मधुमेहाकडे कलते. शरीराने आईच्या पोटातच जुळवून घेतले होते, आणि त्या जुळवून घेण्याचे देणे चाळिशीत चुकवावे लागते. खालच्या काठावर तोल सांभाळला जातो असे म्हणणाऱ्या समीकरणात वेळ दिवसांत आणि आठवड्यांत मोजलेली होती, पिढ्यांत नव्हे.

तरीही सुखात्मे यांच्या उत्तरायुष्यातील एक गोष्ट त्यांच्या विरोधकांनी ऐकायला हवी होती. ते सारखे सांगत की नुसते धान्य वाढवून पोषण वाढणार नाही. पाणी गढूळ असेल, शौचाची सोय नसेल, पोटात जंत असतील, तर खाल्लेले अंगी लागत नाही. फुटक्या घागरीत किती पाणी ओतणार? त्या काळी याकडे पाहण्याची दृष्टी अशी होती की मजुरी आणि जमीन यांचा प्रश्न टाळण्यासाठी काढलेली ही पळवाट आहे. नंतरच्या आकड्यांनी प्रश्न अधिक गुंतागुंतीचा करून ठेवला. जाँ द्रेझ आणि अँगस डीटन यांनी २००९ साली दाखवले की १९८३ नंतरच्या वीस-बावीस वर्षांत ग्रामीण भारताचे उत्पन्न वाढत असतानाही दरडोई उष्मांक घटत गेले. तेंडुलकर समितीने त्याच वर्षी दारिद्र्यरेषा उष्मांकांच्या खुंटीवरून सोडवली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. गोदामे भरलेली असताना हे घडते, तेव्हा फुटक्या घागरीची आठवण होते. अर्थात बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे झालेल्या मोठ्या प्रयोगांतून २०१८-१९ मध्ये असेही दिसले की हात धुणे आणि साधे संडास एवढ्याने मुलांची उंची वाढली नाही. घागरीला भोके किती आणि कोठे आहेत हे अजून पुरते समजलेले नाही. सुखात्मे असते तर त्यांनी याचेही प्रतिमान मांडले असते आणि कोणाचा तरी रोष ओढवून घेतला असता.

वर्गात दारिद्र्यरेषा शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमचे रेशन कार्ड केशरी आहे. म्हणजे आम्ही गरीब की नाही?" वडील रिक्षा चालवतात, घरात पाच माणसे. या प्रश्नाला दांडेकरांच्या गणितात एक उत्तर आहे, सुखात्म्यांच्या गणितात दुसरे आहे, आणि सरकारच्या दप्तरात तिसरेच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. पाच किलो म्हणजे रोजचे १६५ ग्रॅमच्या आसपास. त्यातून साधारण पावणेसहाशे उष्मांक मिळतात. २,२५० शी ताडले तर हा चौथा हिस्सा झाला, आणि सुखात्मे यांच्या खालच्या काठाशी ताडले तरी तिसऱ्या हिश्शाहून फारसा अधिक नाही. पाच हा आकडा शरीराच्या गरजेवरून काढलेला दिसत नाही. तिजोरी आणि गोदामे यांच्या सोयीने तो बसला असावा असे आम्हाला वाटते.

मिळणार किती जणांना, हेही एका जुन्या मोजणीवर ठरते. ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकांपर्यंत धान्य पोचवायचे असे कायदा म्हणतो, आणि हे टक्के २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर काढलेले आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातून सुमारे सात कोटी माणसे आली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे शिधावाटप कार्यालयात नवीन नाव घालायला गेलेल्याला पुष्कळदा कोटा भरला आहे असे उत्तर मिळते. आमच्या विद्यार्थ्याची धाकटी बहीण त्या जनगणनेनंतर जन्मली आहे. ती आता आठवीत आहे.